तिच्या उपासाला डाळ चालते, तूप नाही

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या आंबोळ्यांबद्दल लिहिताना मी इथिओपियातल्या इंजेऱ्याचा ओझरता उल्लेख केला होता. तेफ नावाच्या धान्याचं पीठ आंबवून केलेली, परातीएवढी मोठी, जाळीदार, मऊ आणि आंबट पोळी. तिच्यावरच सगळ्या भाज्या-आमट्या वाढतात आणि तिच्याच तुकड्याने उचलून खातात. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. 1979 ते 1983 ही चार वर्षं मी तिकडे संसार केला, त्यामुळे या पत्रांना उत्तरं देताना हात आपोआप चालतो आहे.

प्रश्न : काकू, आमच्या घरी वरच्या खोलीत एक इथिओपियन मुलगी भाड्याने राहते. विद्यापीठात एम.एस्सी. करते. फार गुणी पोर. परवा शुक्रवारी तिला जेवायला बोलावलं तर म्हणाली, आज माझा उपास आहे. मला इतका आनंद झाला! साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी केली, बरोबर दही, रताळ्याच्या तुपातल्या काचऱ्या, वर खरवस. ती बराच वेळ ताटाकडे बघत बसली आणि शेवटी एक केळं तेवढं खाल्लं. नंतर कळलं की तिच्या उपासाला डाळ, भाजी, भात सगळं चालतं, फक्त दूध-तूप नाही. म्हणजे मी नेमकं तेच वाढलं होतं. पुढच्या शुक्रवारी तिला तिच्या पद्धतीचं ताट वाढायचं आहे. काय काय करू? — सौ. म. जो., फतेगंज

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. नेमकं हेच माझ्याकडून घडलं होतं.

आमचे हे गणित शिकवायला देब्रे बर्हानला गेले. अदिस अबाबाच्या ईशान्येला साधारण 130 किलोमीटरवरचं गाव, उंची 2,800 मीटरच्या आसपास. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली. थंडी म्हणजे जानेवारीतली पहाट एवढंच मला ठाऊक. तिथे ऐन जुलैतही शाल लागायची. लोकरीच्या ब्लँकेटांचा कारखाना त्या गावात उगाच नव्हता. शेजारी एक वयस्क बाई राहत. सगळी गल्ली त्यांना एमामा म्हणे, तशी मीही म्हणू लागले. आम्ही आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी त्या मोठं ताट घेऊन आल्या आणि आमच्याबरोबर जेवायला बसल्या. इंजेऱ्यावर लाल डाळ, पिवळी डाळ, हिरवी भाजी, कोबी असे ढीग. मला वाटलं, या माउलीने एवढं आणलं, आपणही काही वाढावं. मी बरणीतलं तूप काढलं आणि त्यांच्या बाजूच्या लाल डाळीवर चमचाभर सोडलं. आपल्याकडे गरम वरणावर तूप वाढायला कोण विचारतं?

एमामांचा हात थांबला. बोलल्या काही नाहीत. त्यांनी ताटाची कड धरली आणि ताट हळूच अर्धं फिरवलं. तुपाची बाजू माझ्या तीन वर्षांच्या लेकीपुढे आली. तिच्या डोक्यावरून हात फिरवून त्या दुसऱ्या बाजूने जेवू लागल्या. काय घडलं ते मला दोन आठवड्यांनी कळलं.

तेव्हा आधी उपासाचं समजून घेऊ. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासाला त्सोम म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध, दही, लोणी, तूप वर्ज्य. धान्य, डाळी, भाज्या, तेल, तिखट, मीठ, कांदा, लसूण सगळं चालतं. आपलं बरोबर उलट. आपल्या उपासाला दूध-तूप पवित्र आणि डाळ चालत नाही. दर बुधवारी आणि शुक्रवारी त्सोम असतो, ईस्टरनंतरचे 50 दिवस तेवढे सोडून. ईस्टरच्या आधी सलग 55 दिवसांचा मोठा उपास. ऑगस्टमध्ये मरियमच्या नावाने पंधरा दिवस, ते बहुतेक आपल्या श्रावणाच्या आसपास येतात. मनापासून पाळणाऱ्या माणसाचं निम्मं वर्ष उपासात जातं. आणि उपास म्हणजे नुसतं काय खायचं एवढंच नाही. पुष्कळ जण दुपारपर्यंत, काही जण तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणून पहिलं काम हे, की तिला जेवायची वेळ विचारून घ्या. बाराच्या ठोक्याला ताट वाढून पोरीला अवघडून टाकू नका.

निम्मं वर्ष बिनदुधा-तुपाचं जेवायचं असल्यामुळे तिकडच्या बायकांनी त्या स्वयंपाकात सगळं कसब ओतलं आहे. आपलं फराळाचं जसं रोजच्या जेवणापेक्षा वेगळं, बाजूचं असतं, तसं ते नाही. तो त्यांचा मुख्य स्वयंपाक आहे. त्या ताटाला बेयाय्नेतु म्हणतात, म्हणजे सगळ्या प्रकारचं थोडं थोडं. उपासाचं असेल तर ये-त्सोम बेयाय्नेतु.

तुम्ही पाच पदार्थ करा, जास्त नको. मसुरीची तिखट डाळ (मिसिर वॉत), पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं बिनतिखटाचं किक अलिचा, कोबी-गाजर-बटाट्याची हळदीची भाजी, पालेभाजी आणि शिरो. शिवाय कच्च्या टोमॅटो-कांद्याची लिंबू पिळलेली, हिरवी मिरची घातलेली कोशिंबीर, अर्थात दह्याशिवाय. हिशोब सोपा आहे. जिभेला पोळणारं एक, तिला निववणारं एक, आंबट एक, हिरवं एक. पाच ढीग एकमेकांना लागून असतात आणि जेवताना कडेला कडा मिसळते, तिथला घास सगळ्यात चविष्ट.

मिसिरवर मात्र वेळ घालवा. ताटाचा जीव तिच्यात असतो. तीन मोठे कांदे अगदी बारीक चिरा आणि जाड बुडाच्या पातेल्यात तेलाशिवाय टाका. हो, तेलाशिवाय. मंद आच. चिकटायला लागला की चमचाभर पाण्याचा हबका. आधी कांद्याला पाणी सुटतं, डोळ्यांना झोंबणारा वास येतो. पंधराएक मिनिटांनी तो उग्रपणा जातो, वास गोडसर होतो, कांदा गळून लगद्यासारखा दिसू लागतो. वीस-पंचवीस मिनिटांनी, लालसर व्हायच्या आत, अर्धी वाटी तेल घाला. मग आलं-लसूण आणि मग दोन मोठे चमचे बेर्बेरे. बेर्बेरे म्हणजे त्यांचा लाल मसाला. तो तेलात नुसता टाकला तर करपेल, म्हणून थोडं थोडं पाणी घालत दहा मिनिटं परता. तेल कडेने लालभडक सुटलं की भिजवलेली वाटीभर मसूर डाळ आणि लागेल तसं गरम पाणी. शेवटी मीठ. डाळ वाहता कामा नये, इंजेऱ्याच्या तुकड्यात धरून उचलता आली पाहिजे.

बेर्बेरे घरी होतं. रेशमपट्टी मिरचीची एक वाटी पूड घ्या. ओवा, कलौंजी, धने प्रत्येकी एक चमचा, मेथ्या अर्धा चमचा, हिरव्या वेलचीचे दाणे एक चमचा, तीन-चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. सगळं कोरडंच हलकं भाजून दळा आणि चमचाभर सुंठ घालून मिरचीत मिसळा. त्यांची कोरारिमा नावाची वेलची इथे मिळत नाही. तिच्याऐवजी मसाला वेलची घालायचा मोह होईल, पण तिचा धुरकट वास सगळ्यांवर बसतो.

शिरो तर तुमच्या हातचाच आहे. भाजलेले हरभरे-वाटाणे मसाल्याबरोबर दळून पीठ करून ठेवतात, म्हणजे आपल्या मेतकुटाचा चुलतभाऊ, आणि त्याचं करतात ते पिठलं. डाळं बारीक दळून त्यात बेर्बेरे मिसळा, वर सांगितल्यासारखा कांदा शिजवा, पाणी उकळलं की पीठ भुरभुरत घोटा, आणि मग पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर खदखदू द्या. आपण पिठलं दहा मिनिटांत उतरवतो. शिरोला तेवढ्यात चव येत नाही.

पालेभाजीसाठी त्यांचा गोमेन नावाचा पाला इथे मिळणार नाही. नवलकोलाची पानं आणि थोडी मोहरीची भाजी एकत्र करा. पालक नको, तो पाणी होतो.

आणि तीन गोष्टी हाताला बजावून सांगा. मोहरी-हिंगाची फोडणी नाही, आंबटपणासाठी दही-ताक नाही, आणि गूळ नाही. आपला बडोद्याचा हात आमटी दिसली की गुळाच्या डब्याकडे जातो. त्या डाळीतला गोडवा कांद्यातून आलेला असतो. वर गूळ पडला की ती आपली आमटी होते, तिच्या आईची डाळ राहत नाही.

प्रश्न : काकू, मी यूट्यूबवर बघून ज्वारीच्या पिठाचे इंजेरे केले. पहिल्यांदा जाळीच पडली नाही, सपाट धिरडी झाली. दुसऱ्यांदा तीन दिवस आंबवलं, तर इतकं आंबट की टाकून द्यावं लागलं. तेफ कुठेच मिळत नाही. ज्वारीचे म्हणजे ते खोटेच का? — नि. सा., मांजलपूर

उत्तर : खोटे मुळीच नाहीत. तेफचा इंजेरा सगळ्यात चांगला हे खरं, पण तिकडेही गरिबाच्या घरी आणि तेफ न पिकणाऱ्या भागात ज्वारीचा, जवाचा, मक्याचा, नाचणीचा किंवा सगळ्यांच्या मिश्रणाचा इंजेरा होतो. नाचणीला ते दागुसा म्हणतात. आणि नाचणी तर मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. ज्वारीही ईशान्य आफ्रिकेतून आलेली. तेफ आणि नाचणी एकाच उपकुळातली. हे समजल्यापासून मला ज्वारी-नाचणीचा इंजेरा करताना कधी अपराधी वाटलं नाही.

तेफचा दाणा तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगते. एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार दाणे बसतात. राजगिऱ्याहून बारीक. एमामा तेफ पाखडायच्या तेव्हा सुपातून वाळू सरकल्यासारखा आवाज यायचा. एक पांढरं, एक लालसर-तपकिरी. पांढरं महाग, पाहुण्यांचं. इथिओपियाने 2006 साली कच्च्या तेफच्या निर्यातीवर बंदी घातली होती, कारण घरच्याच लोकांना ते परवडेना. मला ते तेव्हा योग्य वाटलं होतं.

आता तुमच्या दोन्ही अडचणी. दुसरी सोपी आहे. तीन दिवस हे देब्रे बर्हानच्या थंडीचं गणित. तिथे मी पिठाचं भांडं ब्लँकेटात गुंडाळून ठेवायची तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी बुडबुडे यायचे. बडोद्यात मे महिन्यात त्याच पिठाला एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दीड, जानेवारीत दोन ते अडीच. घड्याळ बघू नका, वास घ्या. ताज्या ताकासारखा आंबूस आला की झालं. शिळ्या ताकासारखा आला की उशीर झाला.

जाळी न पडण्याचं कारण, तुम्ही अब्सित केलं नसणार. व्हिडिओत बहुतेक जण ते गाळतात. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी नाचणीचं, अर्धी वाटी कणीक (ज्वारी-नाचणीला चिकटपणा नाही म्हणून) हे सगळं पाणी घालून हाताने खूप मळा, सैलसर करा आणि झाकून आंबवा. आंबल्यावर पीठ खाली बसतं आणि वर काळपट पाणी येतं. ते अलगद ओतून घ्या. यातलंच थोडं पुढच्या वेळी विरजण म्हणून ठेवायचं, त्याला एर्शो म्हणतात. आता खालच्या पिठातलं अर्धी वाटी पीठ काढा, दीड वाटी पाण्यात मिसळून शिजवा, आंबिलीसारखं चकचकीत झालं पाहिजे. हेच अब्सित. कोमट झालं की परत पिठात ओता, ढवळा, लागेल तर पाणी घालून आंबोळीपेक्षा थोडं पातळ करा, आणि पुन्हा तास-दोन तास थांबा. पीठ दुसऱ्यांदा फुगून वर येतं. ते फुगणं दिसल्याशिवाय तवा तापवू नका. शिजवलेला भाग पिठाला बांधून ठेवतो आणि या दुसऱ्या फुगण्यातली हवाच पुढे जाळी होते.

तव्याला तेल नाही. तिकडे मातीचा मोठा मिताद असतो, त्यावर मोहरीच्या जातीच्या बियांची पूड कापडाने घासतात. आपण नॉनस्टिक डोशाचा तवा घ्यावा. चांगला तापला की बाहेरून आत गोल गोल धार सोडा. पाच-दहा सेकंदांत वर भोकं उघडायला लागतात. त्यांना ते डोळे म्हणतात. एमामा झाकण हातात धरून डोळे मोजल्यासारख्या बघत उभ्या असायच्या आणि सगळीकडे उघडले की मगच झाकण घालायच्या. आधी झाकलं तर डोळे मिटतात. मिनिटभर वाफ, कडा सुटल्या की काढा. उलटायचा नाही. आणि गरम गरम एकावर एक रचू नका, चिकटतील. सुती पंचावर पसरून निवू द्या.

पहिले दोन बिघडतील. तिसऱ्यापासून तवा ताळ्यावर येतो.

प्रश्न : माझ्या मुलाच्या मित्राने आम्हाला असं ताट खायला घातलं, आम्हाला फार आवडलं. आता घरी करायचं आहे. पण सासूबाई म्हणतात, एका ताटात चौघांनी हात घालायचा म्हणजे उष्टं-खरकटं. त्यांना कसं समजावू? — एक सून, रावपुरा

उत्तर : सासूबाईंना समजावायला जाऊ नका, त्यांना वेगळं ताट वाढा. छोटा इंजेरा, त्यावर सगळं थोडं थोडं. तिकडेही ज्यांना वेगळं हवं त्यांना वेगळं देतात, कोणी वाईट मानत नाही.

पण त्यांच्या कानावर दोन गोष्टी घालायला हरकत नाही. जेवणाआधी यजमान जग आणि भांडं घेऊन प्रत्येकापुढे येतो आणि हातावर पाणी घालतो. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला माझ्या आजोळची पंगत आठवली. खायचं फक्त उजव्या हाताने आणि फक्त आपल्यासमोरचं. दुसऱ्याच्या बाजूला हात लांबवणं असभ्य. बोटं तोंडात घालत नाहीत, चाटत नाहीत. तुकडा तोडायचा, त्यात भाजी धरायची, तोंडात टाकायचा, बोटं ओठांना लागत नाहीत. हे जमायला मला महिना लागला. आपण भात कालवून खाणारी माणसं, आपली अख्खी बोटं भरतात.

आणि गुर्शा. म्हणजे घास. माणूस आपल्या हाताने चांगला मोठा घास करतो आणि शेजारच्याच्या तोंडात भरवतो. पाहुण्याला, थोरल्याला, लेकराला. नको म्हणायचं नसतं. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, नाव घेतात, सगळे हसतात, आणि मग जन्मभर कोणी कोणाला भरवत नाही. एमामा मला दर रविवारी भरवायच्या. माझी आई मी तिकडे असताना गेली. पत्र पोचायला सोळा दिवस लागले. त्या दिवशी मी चूल पेटवली नव्हती. एमामा आल्या, काही न विचारता बसल्या आणि शिरोचा घास करून माझ्या तोंडाशी धरला. ते उष्टं होतं की काय, हा विचार माझ्या मनात आला नाही.

सासूबाईंना हे वाचून दाखवा, पण आग्रह नको.

प्रश्न : आमच्या ओळखीची एक इथिओपियन मुलगी स्वतःला 'हबेशा' म्हणते. आपल्याकडचा 'हबशी' शब्द तोच का? तसं तिला म्हटलं तर चालेल का? — व. दे., निझामपुरा

उत्तर : मूळ तेच. अरबी-फारसीमार्गे तो आपल्याकडे आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर जन्माने इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. 1626 साली तो वारला. जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या शाळेच्या इतिहासात आहेतच. म्हणजे ओळख जुनी आहे. पण आपल्या बोलीत तो शब्द रंगावरून हिणवायला इतका वापरला गेला आहे की आपण तो तोंडातून काढू नये. ती स्वतःला हबेशा म्हणते ते अभिमानाने. तुम्ही तिला तिच्या नावाने हाक मारा.

प्रश्न : हे जेवण कोणत्या तेलात करावं? ऑलिव्ह तेल वापरलं तर? — स. कु., अलकापुरी

उत्तर : ऑलिव्ह कशाला? त्या ताटाचं तेल तुमच्या ओळखीचं आहे. तिकडे उपासाच्या स्वयंपाकाला नुग वापरतात आणि नुग म्हणजे आपले कारळे, खुरासणी. गुजरातीत रामतल. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नावच अ‍ॅबिसिनिका आहे, कारण ते मूळचं इथिओपियाचं, म्हणजे जुन्या अ‍ॅबिसिनियाचं. देब्रे बर्हानच्या बाजारात पहिल्यांदा काळ्या चकचकीत कारळ्यांचं पोतं दिसलं तेव्हा मी तिथेच उभी राहून मूठभर हातात घेतले आणि वास घेतला. माझ्या आजीच्या चटणीचा वास. सप्टेंबरात पाऊस संपतो तेव्हा तिकडची शेतं कारळ्याच्या फुलांनी पिवळी होतात, त्याच सुमारास त्यांचं नवं वर्ष येतं.

खंडेराव मार्केटजवळच्या जुन्या दुकानांत विचारा, रामतल म्हणालात तर लवकर कळेल. घाणीचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर शेंगदाण्याचं चालेल. करडईसुद्धा तिकडे आहे, सुफ म्हणतात. करडईच्या बिया उकडून, वाटून, गाळून पांढरं दूध काढतात आणि त्यात इंजेऱ्याचे तुकडे, हिरवी मिरची, मीठ घालून थंडच खातात. उन्हाळ्यातल्या उपासाला यासारखं दुसरं काही नाही. आपण करडईचं तेल काढलं आणि थांबलो, दूध काढून बघितलंच नाही.

प्रश्न : काकू, सगळं उपासाचंच सांगताय. आमच्या मराठा घरात रविवारी उपास नसतो! चिकनचं ताट सांगा ना. — एक कॉलेजकुमार, वारसिया

उत्तर : सांगते. डोरो वॉत म्हणजे त्यांचा सणाचा कोंबडीचा रस्सा. ईस्टरचा मोठा उपास याच्यावर सोडतात. रीत अशी की कोंबडीचे बारा तुकडे करायचे. कांदा मिसिरसारखाच, पण दुप्पट आणि तासभर शिजवलेला. तेलाऐवजी मसाल्यात कढवलेलं तूप, वेलची-मेथ्या-हळद घालून. बेर्बेरे सढळ हाताने. शेवटी उकडलेली अंडी टोचे मारून रश्श्यात सोडायची. सामिष आणि उपासाचे पदार्थ एकत्र वाढलेल्या ताटाला माहबेरावी म्हणतात, आणि त्यात घरगुती पांढरं चीज बाजूला असतं, तिखटावर उतारा म्हणून. इथे ताजं फुटलेल्या दुधाचं पनीर कुस्करून घे. पण बुधवारी-शुक्रवारी कोणा इथिओपियन मित्राला बोलावलंस तर हे ताट करू नकोस. आणि कांदा तुला शिजवायचा आहे, आईला नाही.

प्रश्न : इंजेरे उरले तर? फ्रिजमध्ये कडक होतात. — र. पा., कारेलीबाग

उत्तर : उरले पाहिजेत असेच करा. फोडणीची पोळी आपण जशी मुद्दाम पोळ्या उरवून करतो तसं त्यांचं फिरफिर. कांदा, टोमॅटो, बेर्बेरे यांचा सैलसर रस्सा करा, इंजेऱ्याचे तुकडे त्यात टाका, दोन मिनिटं झाकून ठेवा. सकाळच्या न्याहारीला तिकडे घरोघरी हेच. त्याहून जास्त उरले तर तुकडे करून उन्हात खडखडीत वाळवा, त्याला दिरकोश म्हणतात. डब्यात महिनाभर टिकतात. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या पिशवीत आया हेच बांधून देतात. मेमधल्या आपल्या उन्हात दोन दिवसांत वाळतील, पापडांच्या शेजारीच पसरा.

आणि फतेगंजच्या ताई, एक सांगायचं राहिलं. सगळं ताट संपलं की खाली जो इंजेरा उरतो, सगळ्या डाळी-भाज्यांचा रस प्यायलेला, तो टाकू नका, आणि तिचं पोट भरलं असेल असं समजून ताट उचलूही नका. तो शेवटी, सगळ्यांनी मिळून खायचा असतो. ती थांबली असेल ती त्याच्यासाठी. मग कॉफी ठेवा, दुधाशिवाय, आणि बरोबर वाटीभर लाह्या.